सर लाचत यायचे

महाले सरांचा फोन यायचा तो रविवारी, आणि नेहमी त्यांच्याच फोनवरून. त्यामुळे बुधवारी सकाळी कामाचे कपडे बदलत असताना पडद्यावर त्यांचं नाव दिसलं, तेव्हा मला आधी गंमतच वाटली. वाटलं, एखादा शब्द अडला असणार आणि रविवारपर्यंत दम निघत नसणार. मी नेहमीसारखं जर्मनमध्ये सुप्रभात म्हटलं. पलीकडे सरांच्या पत्नी, आमच्या काकू होत्या. त्या कधी फोन करत नाहीत. त्यांनी आधी माझं जेवण झालं का विचारलं, इथं जर्मनीत अजून सकाळ आहे हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि मग सांगितलं की सर सकाळी चहा घेऊन पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत... दवाखान्यात न्यायची वेळसुद्धा त्यांनी कुणावर आणली नाही. फोन ठेवून मी वॉर्डात गेले, सगळ्यांना गोळ्या दिल्या, आणि दुपारपर्यंत कुणालाही काही सांगितलं नाही. दुपारी आमच्या प्रमुख सिस्टर बिर्गिट यांना सांगितलं, तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पत्र लिहिणारे सर?" त्या सरांना कधी भेटल्या नव्हत्या. त्यांना पत्र कसं ठाऊक, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

मी साखरशेतची. जव्हारहून जीपने आमच्या गावाला जाता येतं. घरी भात आणि नागली, आणि शेतीचं काम संपलं की वडील मिळेल त्या मजुरीला. पाचवीला मला आश्रमशाळेत घातलं. तिथे महाले सर मराठी शिकवायचे. आमची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी, त्यामुळे मराठीचा तास आम्हाला परक्या भाषेचाच वाटायचा. सरांना हे कळत होतं. ते स्वतः मोखाड्याकडच्या पाड्यावरून शिकून वर आलेले. पोरं घरी कसं बोलतात ते आधी फळ्यावर लिहायचे, शेजारी पुस्तकातलं वाक्य लिहायचे, आणि दोघांत काय बदललं ते आम्हाला शोधायला लावायचे. कुठलं वाक्य बरोबर आणि कुठलं चूक, असं ते कधी म्हणाले नाहीत. व्याकरण म्हणजे काहीतरी भयंकर असतं हे मला पुढे नर्सिंगला गेल्यावर इतर मुलींकडून समजलं. आमच्याकडे तो खेळाचा तास होता.

सर वर्गात येतायत हे आम्हाला ते दिसायच्या आधी ऐकू यायचं. पाय उचलून चालणं त्यांना माहीतच नव्हतं. टाचेपाशी झिजून पातळ झालेल्या चपला ओढत, फटक फटक असा आवाज करत ते व्हरांड्यातून यायचे. घाई नाही, ताल नाही. शाळेतल्या इतर शिक्षकांना ते आवडायचं नाही. काकूंना तर मुळीच नाही. एक चपलांचा जोड सहा महिनेही टिकत नाही, माणूस आहे की नांगर, असं त्या आमच्यासमोर म्हणायच्या आणि सर गंभीरपणे मान हलवायचे.

मी नर्स झाले, सरकारी दवाखान्यात कंत्राटावर लागले. तोवर सर निवृत्त होऊन जव्हारात राहायला आले होते. नर्सेसना जर्मनीत काम मिळतं, पण भाषा शिकावी लागते, परीक्षा द्यावी लागते, असं मला मैत्रिणीकडून कळलं. मी सरांकडे गेले ते सल्ला विचारायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला जर्मन येत नाही. पण व्याकरण येतं. बाकीचं तुझ्याबरोबर शिकेन."

आणि ते खरंच शिकले. साठी ओलांडलेला माणूस माझ्याबरोबर पहिल्या धड्यापासून बसला. पुण्याच्या एक बाई फोनवरून शिकवायच्या. त्या बरीच वर्षं तिकडे राहून आलेल्या. साखरशेतला फोनची रेंज धड नसायची, म्हणून मी जीपने जव्हारला यायचे आणि सरांच्या ओटीवर फोन तांब्याला टेकवून आम्ही दोघं त्यासमोर बसायचो. बाईंचा तास संपला की सरांचा सुरू व्हायचा. त्यांनी दोनशे पानी वही घातली होती. डावीकडे जर्मन, देवनागरीत, आणि उजवीकडे मराठी.

मला सगळ्यात जास्त छळलं भूतकाळाने. जर्मनमध्ये 'मी गेले', 'मी खाल्लं' असं म्हणायचं तर मूळ क्रियापदाबरोबर आणखी एक सहायक क्रियापद लागतं. कधी 'हाबं' लावायचं, कधी 'बिन'. केव्हा कुठलं, ते मला काही केल्या लक्षात राहीना. पुण्याच्या बाईंनी यादी पाठ करायला सांगितली होती. सरांना याद्या पाठ करणं पसंत नव्हतं. त्यांनी मला शाळेतले कर्तरी-कर्मणी प्रयोग आठवायला लावले. राम गेला, इथे क्रियापद रामाच्या मागे चालतं. रामाने भाकरी खाल्ली, इथे ते भाकरीच्या मागे. जाणं, येणं, पडणं, धावणं, या शब्दांत माणूस स्वतः जागचा हलतो, तिथे जर्मन माणूस 'बिन' लावतो. खाणं, लिहिणं, मारणं, जिथे तो दुसऱ्या कशाला तरी हात लावतो, तिथे 'हाबं'. मी विचारलं, मग झोपण्याचं काय? मराठीत 'मी झोपले', पण बाईंच्या यादीत ते 'हाबं'खाली होतं. सरांनी वहीत बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, झोपलेला माणूस जागचा हलत नाही, निदान जर्मनीत तरी हलत नसावा.

याच दिवसांत ते क्रियापद आमच्याकडे आलं. एका संध्याकाळी तास चालू असताना सर पाणी आणायला उठले आणि नेहमीसारखे पाय ओढत माझ्यामागून गेले. फोनमधून आवाज गेला असावा. पुण्याच्या बाई बोलता बोलता थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "एर लाच्ट." सर तांब्याभांडं हातात घेऊन तिथेच उभे. काय म्हणालात, म्हणून त्यांनी विचारलं. बाई जरा ओशाळल्या. म्हणाल्या, हा काही पुस्तकातला शब्द नाही, घरात, रस्त्यावर बोलायचा आहे. मूळ शब्द 'लाचन'. पाय न उचलता, चपला ओढत, ढिसाळपणे चालणं. किंवा इच्छा नसताना उगाच लांबवर चालत जावं लागणं, कंटाळत, पाय तोडत. मुलं असं चालली की आया ओरडतात, लाचू नकोस नीट चाल. जुन्या, आकार गेलेल्या चपलांनाही तोच शब्द.

सरांना एवढा आनंद झालेला मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. आयुष्यभर ज्या चालण्याबद्दल बोलणी खाल्ली, त्याला एका सबंध देशाने क्रियापद देऊन ठेवलं होतं. त्या रात्री जेवताना त्यांनी काकूंना ऐकवलं, "इतकी वर्षं सरकारी नोकरी केली, लाच घेतली नाही. आणि बघ, रोज लाचत होतो." पुढचे तीन दिवस दुसरा विषय नाही. इश लाचं, म्हणजे मी लाचतो. डू लाच्स्ट, म्हणजे तू लाचतोस; इथे च, स आणि ट एकामागून एक जिभेवर येऊन अडकायचे आणि सर ते ओटीवर येरझाऱ्या घालत, प्रत्येक पावलाला एक असं घोकायचे. क्रियापद सरळ आहे, कुठे वाकडं जात नाही, असं प्रमाणपत्र त्यांनी दिलं. मग भूतकाळाशी आले आणि मला हाकच मारली. 'लाचन'चं भूतकाळी रूप 'गेलाच्ट'. त्यांनी वहीत ते मोठ्या अक्षरात लिहून 'गेलाच'खाली रेघ मारली होती. "हे तर मराठीच आहे. तो गेलाच. आता सांग, गेला कोण? तो गेला. त्याने गेला, असं आपण म्हणतो का?" नाही म्हटलं. "मग इथे हाबं लावशील?" नाही. इश बिन गेलाच्ट. त्या दिवशी माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं. पुढे जाणं, येणं, पोहणं, चढणं काहीही आलं की मी आधी मनात 'गेलाच' म्हणायचे आणि बिन लावायचे.

त्यानंतर सरांच्या घरात हा शब्द मराठी होऊन राहिला. बाजारात लाचून येतो. आज फार लाचणं झालं. फक्त काकू तो शब्द तोंडात घ्यायच्या नाहीत. चपलांवर होणारा जुलूम जर्मनांना मान्य असला तरी त्यांना मान्य नव्हता.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. लेखी सगळं आलं, तोंडीला माझी वाचाच बसली. समोरच्या बाई चांगल्या होत्या, हसून विचारत होत्या, पण मला माझं नावसुद्धा मोठ्याने सांगता येईना. तयारीसाठी मी दवाखान्याचं कंत्राट सोडलं होतं. घरी आले तेव्हा भाताची लावणी चालू होती. वडील रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता पुरं झालं, बाय. आपल्याला काय करायची ती भाषा." त्यांचं काही चुकत नव्हतं. त्या दोन दिवसांत मीही तेच ठरवत आले होते.

तिसऱ्या दिवशी सर साखरशेतला आले. मला वाटलं, वडिलांना समजावतील. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचला आणि चिखलात उतरले. सबंध दिवस ते वडिलांच्या शेजारी वाकून रोपं लावत होते आणि माझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पावसाचं, बैलांचं, दाभोशाच्या नदीला आलेल्या पाण्याचं बोलले. संध्याकाळी बांधावर बसून आम्ही चहा पीत होतो, तेव्हा वडिलांनी सरांनी लावलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवलं आणि अदबीने सांगितलं, "सर, तुमचा हा तुकडा वाकडा लागलाय. उद्या मला परत लावाय लागंल." सर म्हणाले, "लावा. हिचंही तसंच करू. एकदा वाकडं लागलंय, एवढंच." वडील बराच वेळ हसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं की पुढची परीक्षा कधी आहे.

दुसऱ्या खेपेला सरांनी मला ओटीवर बसूच दिलं नाही. बसलं की माझी जीभही बसते, असं त्यांचं निदान होतं. आम्ही रोज संध्याकाळी जव्हारहून शिरपामाळापर्यंत चालत जायचो आणि वाटेत जे दिसेल ते जर्मनमध्ये बोलायचो. शेळ्या, मोहाची झाडं, लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या बायका, माळावर फोटो काढणारे पाहुणे. सर मुद्दाम हळू चालायचे आणि मध्येच थांबून एखाद्या गुराख्याला जर्मनमध्ये वेळ विचारायचे. तो बापडा मराठीत सांगायचा. शरम वाटायची ती पहिला आठवडाभर. मग मला कळलं की आपण चुकलो तर शेळ्या काही थांबत नाहीत. त्या वर्षी मी पास झाले आणि विमानात बसले. निरोपाला सर जीपपाशी आले होते. त्यांनी मला वहीतली कुठलीच पानं दिली नाहीत. म्हणाले, वही इथेच राहील, पुढच्या मुलींना लागेल.

जर्मनीत मला पोहोचून दोन महिने झाले असतील. माझ्या वॉर्डात एक आजोबा होते, नव्वदीचे, मांडीचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेले. त्यांना रोज चालवायचं होतं आणि ते कुणालाच दाद देत नव्हते. एका दुपारी मी त्यांना कॉरिडॉरमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सबंध फेरी चालवून आणलं. पायात त्यांच्या मऊ चपला, पाय अगदी सरांसारखे ओढत. मी फार खुशीत होते. पाळी बदलताना सगळ्या नर्सेस बसून एकमेकींना रुग्णांची स्थिती सांगतात. माझी वेळ आली. मला सांगायचं होतं की मी त्यांच्याबरोबर एक फेरी मारली. डोक्यात मराठी वाक्य, तोंडात जर्मन. 'मारली' आलं म्हणून बोट धरल्यासारखं 'हाबं' आलं. फेरीला जर्मन शब्द काय तो ऐन वेळी आठवेना, तो मी गिळला. घाईत 'बरोबर'ही राहून गेलं, उरलं नुसतं 'त्यांना एक'. आणि शेवटी मोठ्या अभिमानाने 'गेलाच्ट' म्हटलं.

बिर्गिट सिस्टरनी पेन खाली ठेवलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. त्या उठल्या आणि सरळ आजोबांच्या खोलीत गेल्या. मला काय झालं ते कळेना. शेजारच्या मुलीने हळूच सांगितलं. 'लाचन'ला आणखी एक अर्थ आहे, तोही बोलीतलाच. 'बिन' लावलं तर चालणं. 'हाबं' लावून, 'त्याला एक' म्हणून, पुढचा शब्द गाळला तर... कानाखाली वाजवणं. मी आठ जणींसमोर, दोनदा, कबूल केलं होतं की मी नव्वदीच्या रुग्णाला थोबाडीत दिली. माझं प्रोबेशन चालू होतं.

बिर्गिट सिस्टर परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही समजेना. आजोबांनी सांगितलं होतं की ही एकटीच मला माझ्या चालीने चालू देते, उद्याही हिलाच पाठवा. कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या, मीही हसले. पण खोलीवर आले आणि रडले. इकडे यायच्या आधी ज्या एका शब्दाची मला खात्री होती, तोच नेमका उलटला होता.

सकाळी सरांना फोन केला. रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "म्हातारा चालला का?" चालला, म्हटलं. "मग बिन लाव आणि डोळे पूस." पुढे त्यांचा आवाज एकदम बदलला, शाळेतला झाला. म्हणाले, बघ की, आपल्याकडेही तसंच आहे. मी एक फेरी मारली. यातली फेरी गिळून बघ, काय उरतं? मी एक मारली. दोन्ही भाषांत तू एकच चूक केलीस. मला तशातही हसू आलं. पण फोन ठेवताना ते म्हणाले, चूक तुझी नाही, मी तुला अर्धंच क्रियापद शिकवून पाठवलं.

हे त्यांच्या मनाला किती लागलं होतं ते मला तीन आठवड्यांनी कळलं. बिर्गिट सिस्टरच्या नावाने जव्हारहून टपाल आलं. चार पानी पत्र, हाताने लिहिलेलं, सबंध जर्मनमध्ये. त्यात त्यांनी मराठीतले प्रयोग समजावले होते, फेरी मारण्याचा वाक्प्रचार समजावला होता, आणि शेवटी लिहिलं होतं ते साधारण असं: आपल्या रुग्णाला चालवलं ते जयवंतीने, पण चुकला तो तिचा शिक्षक. या क्रियापदाला दुसरा अर्थ आहे हे मला ठाऊक नव्हतं. काही शिक्षा द्यायची असेल तर ती मला व्हावी, माझा पत्ता वर दिला आहे. बिर्गिट सिस्टरनी ते पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, माझ्या मुलालाही इतकं शुद्ध लिहिता येत नाही. आमच्या चहाच्या खोलीतल्या फळ्यावर ते आजही टाचलेलं आहे. नवी नर्स आली की तिला आधी ते वाचायला देतात.

बिर्गिट सिस्टरनी सरांना उत्तरादाखल लोकरीच्या घरगुती चपला पाठवल्या. मी सुट्टीत घेऊन आले. सरांनी त्या घालून ओटीवर दोन फेऱ्या घातल्या आणि काढून ठेवल्या. म्हणाले, फारच सभ्य आहेत, आवाजच करत नाहीत.

त्यांच्या जाण्यानंतर पाच आठवड्यांनी मला रजा मिळाली. रविवारी जव्हारला उतरले आणि सरांच्या घरी गेले तर ओटीवर चार मुली बसलेल्या, सरांकडे जर्मन शिकणाऱ्या. दोन दाभोशाच्या, एक मोखाड्याची, एक आमच्याच गावची. सर गेल्यावर येऊ नका असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्या येत राहिल्या. पहिल्या रविवारी काकूंनी त्यांना नुसता चहा दिला होता. दुसऱ्या रविवारी वही काढून दिली. आता काकू कोपऱ्यात सुपात नागली पाखडत होत्या आणि एक मुलगी वहीतलं वाचत होती. वाचता वाचता तिने 'हाबं गेलाच्ट' म्हटलं. सूप थांबलं. "बिन," काकू म्हणाल्या, वर न बघता. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या जरा लाजल्या. म्हणाल्या, सात वर्षं कानावर पडतंय, आपण थोडंच कान बंद करून भाकऱ्या थापतो. रविवारचा तास आता मी फोनवरून घेते. चुका मात्र काकूच आधी पकडतात.

साखरशेतला जायला निघाले तेव्हा काकू जीपपर्यंत पोहोचवायला आल्या. जीप सुटायला आली होती, मी भराभर पुढे निघाले. मागून त्यांनी हाक मारली, "हळू चल गं, मी आपली लाचत येतेय." मी वळून बघितलं. त्यांनी पायात सरांच्या चपला घातल्या होत्या, दोन बोटं मोठ्या, म्हणून पाय उचलता येत नव्हते. मी थांबले. जीपवाल्याने दोनदा हॉर्न दिला, आम्ही काही घाई केली नाही. थोडं चालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आपण दोघी लाचलो, तर काय म्हणायचं? बिनच का?"

"नाही काकू. दोघी असल्या की झिंट."

"झिंट," त्या म्हणाल्या, आणि फटक फटक करत माझ्या बाजूने चालत राहिल्या.